हातकताईच्या लोकरीचं पांघरूण: सुयांवर की मागावर?

हाताने कातलेल्या लोकरीचं पांघरूण हवं असेल, तर एक तर लोकर आणून सुयांवर स्वतः विणायचं, नाहीतर मागावरची घोंगडी घ्यायची. मराठीत दोन्हींना आपण विणणंच म्हणतो, पण कापड अगदी वेगळं निघतं.

आधी लोकर बघा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर आखूड, राठ आणि बहुतेक काळी. सुयांवर ती जड होते, टोचते आणि तिचे केस गळत राहतात. मी तरी ती विणायला घेऊ नका असंच सांगेन. तिची खरी जागा मागावर. सणगर विणकर ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे हातकताईचा कमीजास्त जाड धागाही ओढ सहन करतो. कापड घट्ट येतं, वारा अडतो, आणि लोकरीतली चरबी राहिली असेल तर पावसाची भुरभुरही लगेच आत शिरत नाही. नवी घोंगडी टोचते, हे खरं. गळ्याशी येणाऱ्या कडेला सुती पट्टी शिवली की प्रश्न मिटतो, पुढे वापराने घोंगडी मऊही पडते.

सुयांवरच विणायचं असेल तर मेरिनोसारखी मऊ, बारीक तंतूंची लोकर घ्या, तीही दुपदरी. एकेरी धाग्यात पिळाचा जोर उरतो आणि विणकाम तिरकं जातं. अख्खं पांघरूण एका सुईवर पेलण्यापेक्षा २५ सेंटिमीटरचे चौकोन करा: सहा गुणिले आठ, म्हणजे ४८ चौकोनांत १५० बाय २०० सेंटिमीटरचं एका माणसापुरतं पांघरूण होतं. सगळ्या ओळी सुलट टाक्यांच्या ठेवल्या तर कडा वळत नाहीत. लोकर साधारण दीड किलो लागेल. धागा एकसारखा नसतो, म्हणून चौकोन टाके मोजून नव्हे, पट्टीने मोजून थांबवा. टाक्यांमधल्या फटींत हवा धरून राहिल्यामुळे ऊब छान मिळते, पण हे पांघरूण दोरीवर टांगू नका, स्वतःच्याच वजनाने लोंबतं. आडवं पसरूनच वाळवा.

कसर दोन्हींना लागते. ऊन दाखवा, कडुलिंबाचा वाळला पाला घाला. धुताना गार पाणी वापरा, पिळू नका.

रोज रात्री अंगावर घ्यायला, प्रवासात न्यायला, जमिनीवर अंथरायला घोंगडीच घ्या, शक्यतो विणकराकडूनच. बाळासाठी किंवा लेकीला द्यायला काही करायचं असेल, हाताशी एक हिवाळा असेल, तर मात्र सुया हातात घ्या.