पीडब्ल्यू-५ : एकट्यानं उडायला निघालेल्या मुलांसाठी

ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणं, शिकवताना मी एक गोष्ट वर्षानुवर्षं बघते आहे. मुलं आकाशाला घाबरून गळत नाहीत, उतरलेलं ग्लायडर धावपट्टीवरून ढकलत परत आणण्याला कंटाळून गळतात. एएसके-२१ हे दोन आसनी ग्लायडर शिकवायला उत्तम, मी आजही पहिले धडे त्यावरच देते. पण ते रिकामंच सुमारे ३६० किलोंचं. पोलंडचं एक आसनी ग्लायडर पीडब्ल्यू-५ आहे १९० किलोंच्या आसपास. एक मूल पंखाच्या टोकाला आणि दोघं ढकलायला, एवढ्यात ओल्या गवतावरूनही ते परत येतं. मोठ्यांना हाक मारावी लागत नाही, आणि मुलांना ग्लायडर आपलं वाटायला लागतं ते इथूनच.

हे वॉर्सा पॉलिटेक्निकमध्ये घडलं, पहिल्यांदा उडालं १९९३ साली. सगळ्यांनी एकाच प्रकारच्या, परवडणाऱ्या ग्लायडरवर स्पर्धा करावी म्हणून एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघानं रचनाकारांकडून आराखडे मागवले होते, त्यातून याची निवड झाली. पंखविस्तार १३.४४ मीटर, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत, चाक आत जात नाही. म्हणजे उतरताना विसरण्यासारखं एक काम कमी.

अमेरिकेत आणि युरोपात १४ पूर्ण झाली की एकट्यानं ग्लायडर उडवता येतं. त्या वयाच्या मुलांबाबत एका गोष्टीत मी अजिबात सूट देत नाही : वजन. माझी एक विद्यार्थिनी पॅराशूटसकट कॉकपिटमधल्या पाटीवरच्या किमान आकड्यापेक्षा कमी भरली. "ताई, थोडंच तर कमी आहे," म्हणाली. मी तिला खाली उतरवलं. वैमानिक हलका असला की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि स्टॉल झाल्यावर, म्हणजे पंखांची उचल तुटल्यावर, नाक खाली आणणं अवघड होतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी शिशाची वजनं घट्ट बसवली, पुन्हा हिशेब केला, मगच तिला विंचवर, म्हणजे दोरानं ओढून ग्लायडर वर चढवणाऱ्या यंत्रावर, सोडलं.

वर तिला अगदी अशक्त थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, मिळालं. ताशी ७५ किलोमीटरला, चाळीस अंश कलवून, जेमतेम ५५ मीटर त्रिज्येच्या घिरट्या. जड ग्लायडर एवढ्या अरुंद थर्मलच्या बाहेर पडलं असतं, हे टिकून राहिलं. उतरल्यावर ती उंचीबद्दल बोललीच नाही. "धागा मधोमध राहिला, ताई!" कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर, चिकटवलेला लोकरीचा तो तुकडा सरळ राहणं म्हणजे हातातली स्टिक आणि पायानं चालणारं शेपटीचं रडर यांचा मेळ बसला. मला त्याच क्षणी रडू आलं.

उणीव वेगात आहे. ग्लाइड रेशो, म्हणजे एक मीटर उंची गमावून किती मीटर पुढे जातं ते, ३२ च्या जवळपास, पण तो ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. समोरून वारा असताना नाक खाली घालून वेग वाढवलात की उंची झपाट्यानं जाते, म्हणून नवख्यांना मी वाऱ्याच्या दिशेनं लांब जाऊ देत नाही, परतताना तोच वारा समोरून येतो. शिवाय आसन एकच. क्लबकडे दोन आसनी नसेल तर आधी ते घ्या, हे त्यानंतर. आणि जुनं घेत असाल तर शिशाची वजनं सोबत मिळतात का, ते पैसे देण्याआधी विचारा.