जुन्या चांदीच्या रुपयांची ओळख आणि श्रेणी: पुण्यातील एका परीक्षण सेवेविषयी

वारशाने आलेली चांदीची नाणी हाती पडली की बहुतेक जण ती प्रथम सराफाकडे नेतात. सराफ त्यांच्याकडे चांदी म्हणून पाहतो, आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र १८४० चा रुपया आणि १९१८ चा रुपया त्याच्या काट्यावर सारख्याच मोलाचे ठरतात. म्हणून आजोबांच्या संग्रहातील रुपये मी पुण्याच्या मध्यवस्तीतील एका नाणे-परीक्षकांकडे दिले. ते शुल्क घेऊन प्रत्येक नाण्याची ओळख आणि श्रेणी, म्हणजे ते कितपत झिजले आहे याची प्रत, लिहून देतात, परंतु नाणी स्वतः विकत घेत नाहीत. या सेवेची निवड करण्यामागे हेच मुख्य कारण होते, कारण जो नाणे विकत घेणार आहे त्याने ठरवलेल्या श्रेणीवर विसंबणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

कामाची सुरुवात वजनापासून झाली. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ मध्ये आपल्या मुलखासाठी एकसारखी नाणी पाडण्यास सुरुवात केली तेव्हापासून रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम किंवा बरोबर एक तोळा (आजचा दहा ग्रॅमचा सराफी तोळा नव्हे), आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे प्रमाण ठरलेले होते. १९४० पासून चांदी निम्म्यावर आणली गेली, पण वजन तेच राहिले, त्यामुळे नुसत्या काट्यावर हा फरक कळत नाही. येथे नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून पुन्हा तोलतात. जुना रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका होतो, तर निम्म्या चांदीचा सुमारे १.२२ ग्रॅमने. कानस नाही, कसोटीचा दगड नाही, तेजाब नाही. नाण्यावर ओरखडाही न उठता उत्तर मिळते.

ओळख पटवण्याचे काम मला सर्वांत भरवशाचे वाटले. राणीछाप रुपयांत १८६२ साल असलेली नाणी पुष्कळ सापडतात, कारण राणीच्या सरकारची ही नाणी १८६२ पासून निघू लागली आणि पुढे १८७४ पर्यंत त्यांच्यावर तेच साल कायम ठेवले गेले. प्रत्यक्ष पाडल्याचे वर्ष सुचवण्यासाठी, विशेषतः मुंबईच्या टांकसाळीत, सालाच्या आसपास ठिपके वाढवत नेले. अहवालात प्रत्येक नाण्यावरील ठिपके किती आणि कोठे आहेत, हे स्वतंत्रपणे नोंदवले आहे. १८४० च्या रुपयांतही राणीचे नाव डोक्यावरून सलग गेलेला प्रकार आणि ते दोन बाजूंना विभागलेला प्रकार वेगवेगळे दाखवले आहेत. जॉर्ज पंचमच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो, अशी ओरड झाली आणि १९१२ पासून तो बदलला गेला. या गोष्टीमुळे बाजारात त्या नाण्याचा फार बोलबाला आहे. आमच्याकडील १९११ चा रुपया बराच झिजलेला आहे, आणि अहवालातही तो झिजलेलाच म्हटला आहे.

श्रेणी देताना परीक्षकांचा हात आखडता आहे, आणि मला तो तसाच हवा होता. संग्रहातील सर्वांत चकचकीत दिसणाऱ्या १८८५ च्या रुपयासमोर ‘घासून साफ केलेले’ असा शेरा आहे. दिव्याखाली नाणे तिरके धरले असता मोकळ्या जागेत एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेघा स्पष्ट दिसल्या. मूळची झळाळी असती तर नाणे फिरवताना उजेडाचा पट्टा त्याबरोबर फिरला असता. याउलट काळवंडलेल्या १९०१ च्या रुपयाला ‘एक्स्ट्रा फाइन’ (अगदी थोडी झीज झालेले) श्रेणी मिळाली, कारण राणीच्या भुवईवरील आणि कानाजवळच्या केसांतील रेषा शाबूत आहेत, आणि झीज प्रथम तेथेच होते. चिंचेने किंवा रांगोळीने दरवर्षी लक्ष्मीपूजनाला रुपये उजळणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे. एका नाण्याच्या कडेला वरच्या बाजूस कडी झाळल्याची खूण सापडली. त्याला श्रेणी न देता ‘दागिन्यातून काढलेले’ एवढेच लिहिले आहे. देवघरातील रामदरबाराचे आणि १८१८ सालाचे ‘कंपनीचे’ नाणे हे नाणे नसून नंतर बनवलेला टोकन आहे, हेही आडपडदा न ठेवता सांगितले. कंपनीने असे नाणे कधीच काढले नव्हते.

संस्थानी आणि मराठा नाण्यांच्या बाबतीत मात्र ही सेवा तोकडी पडते. हैदराबादच्या चारमिनार रुपयापुढे संस्थानाचे नाव आणि वजन यांपलीकडे काहीही लिहिलेले नाही. चारमिनारच्या मधल्या कमानीतील फारसी अक्षर मीम आहे की ऐन, यावरून नाणे निजाम मीर महबूब अली खान यांचे की मीर उस्मान अली खान यांचे, हे ठरते; हिजरी सालही नाण्यावरच असते. मराठवाड्यातील घरांत हैदराबाद संस्थानाचे हे ‘हाली’ रुपये राणीछापाइतकेच सापडत असल्याने ही त्रुटी किरकोळ म्हणता येणार नाही. अंकुशाची खूण असलेल्या मराठा ‘अंकुशी’ रुपयाबाबत तर श्रेणीच चुकीच्या मापाने दिली आहे. मोगल बादशाह शाह आलमच्या नावाने पाडलेल्या त्या नाण्यावरील फारसी अक्षरे ठशाच्या मानाने चकती लहान असल्यामुळे कडेला तुटली आहेत, वापरामुळे झिजलेली नाहीत. यंत्रावर पाडलेल्या रुपयाची फूटपट्टी हातठशाच्या नाण्याला लावली की चांगले नाणेही निकृष्ट ठरते.

अहवालात किंमत लिहिली जात नाही. काहींना ही उणीव वाटेल, मला वाटली नाही. ज्यांना परदेशी कंपनीकडून सीलबंद डबीत श्रेणी करून आणण्याचा मोह होतो, त्यांनी १९७२ चा पुरावशेष कायदा आधी पाहावा, कारण शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. तसेच जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी शुल्क मागितले, तर बँकेने २०२१ मध्येच असे शुल्क आपण घेत नसल्याचे जाहीर केले आहे.

शुल्क नाण्यागणिक असल्यामुळे सरसकट सगळी नाणी देणे परवडत नाही. १९१७-१८ चे झिजलेले राजाछाप रुपये इतके मुबलक आहेत की त्यांची किंमत चांदीच्या भावाभोवतीच फिरते. ते घरीच वेगळे काढावेत. कंपनीचे, १८६२ चे आणि न घासलेले रुपये या परीक्षकांकडे निःशंकपणे द्यावेत. संस्थानी आणि मराठा नाणी मात्र फारसी वाचू शकणाऱ्या अभ्यासकालाच दाखवावीत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे, आमचा अंकुशी रुपया आता तिकडेच नेणार आहे.