बीटी तपासायची पट्टी: एका हंगामाचा अनुभव

कपाशीच्या पानात बीटीचं, म्हणजे बोंडअळीला मारणारं, प्रथिन आहे की नाही, हे दहा मिनिटांत सांगणाऱ्या पट्ट्यांचा डबा मागच्या हंगामात आम्ही सहा घरांनी वर्गणी करून मागवला. 50 पट्ट्या, एक पट्टी साधारण 90 रुपयांना पडली. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, वावर कोरडवाहू, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि तूर. माझी बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रातली, म्हणून डबा माझ्याकडे ठेवायचं ठरलं.

आधी वापरायची रीत सांगते. शेंड्याकडचं कोवळं पान घ्यायचं. लहान प्लास्टिकच्या नळीचं झाकण पानावर दाबलं की नखाएवढी गोल चकती नळीत पडते. त्यावर डब्यातल्या द्रावणाचे थेंब टाकायचे आणि मुसळीनं घोटायचं, हिरवा फेस येईपर्यंत. मग पट्टी उभी सोडायची. हिरवट पाणी वर चढताना दिसतं. सगळ्यात वरची रेघ पट्टी चांगली असल्याची खूण. तिच्याखाली क्राय1एसी आणि क्राय2एबी या दोन प्रथिनांच्या दोन रेघा. रेघ आधी इतकी फिकी असते की पट्टी उन्हाकडे धरून पाहावी लागते, मग हळूहळू कुंकवासारखी भरते.

मी ओट्यावर बसून हे करत असताना गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आमच्या आशाताई आल्या. पट्टी पाहताच म्हणाल्या, "हे तं आमच्या मलेरियाच्या किटसारखंच हाय व!" अगदी बरोबर. तत्त्व तेच. पट्टीत एका विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं असतात, म्हणजे प्राण्याचं शरीर रोगाविरुद्ध तयार करतं ती. त्यांना सोन्याचे अतिसूक्ष्म कण जोडलेले असतात आणि लाल रंग त्या कणांचा. रसात प्रथिन असलं तर कण त्याला धरून वर सरकतात आणि रेघेवर अडकतात. रक्तात मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन, इथं पानात जिवाणूचं, एवढाच फरक.

आणि हे प्रथिन मुळात कपाशीचं नाहीच. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. 1901 साली जपानमध्ये रेशमाच्या आजारी अळ्यांत तो पहिल्यांदा सापडला, पुढं 1911 मध्ये जर्मनीत पिठातल्या किड्यांत. त्याचा जीन, म्हणजे हे प्रथिन कसं बनवायचं ते सांगणारा डीएनएचा तुकडा, कपाशीच्या पेशीत बसवला. तो सतत चालू राहावा म्हणून त्याच्यापुढं फ्लॉवरवर रोग आणणाऱ्या एका विषाणूचा 'स्विच' जोडला. जिवाणूच्या जीनमधला मजकूर झाडाची पेशी वाचते, कारण दोघांची लिपी एकच. कॉलेजात हे पाठ केलं होतं. आपल्याच वावरातल्या पानाची रेघ उमटताना पाहिली तेव्हा मात्र अंगावर काटा आला.

आता खरं परीक्षण. पट्टी विश्वासाची आहे का, हे पाहायला मी धुऱ्यावरच्या भेंडीचं पान घेतलं. भेंडी कपाशीच्याच कुळातली, पण तिच्यात हे प्रथिन नाही. पहिल्यांदा फिकी रेघ आली! मुसळी आधीच्या पानानंतर नीट धुतली नव्हती. साबणानं धुऊन, कोरडी करून परत केलं, तेव्हा फक्त वरची रेघ. म्हणजे पट्टी चांगली, हात स्वच्छ हवेत. एका पट्टीवर वरची रेघसुद्धा आली नाही, ती फेकली. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढं जातो, म्हणून मी डबा माठाजवळ, सावलीत ठेवला होता. तरी एक खराब निघाली.

सगळ्यात मोठी तक्रार माहितीपत्रकाची. सगळं इंग्रजीत, बारीक अक्षरात. ज्याच्या वावरात हे वापरायचं त्याला वाचता येत नसेल तर काय उपयोग? मी मराठीत एका पानावर लिहून झाकणाच्या आत चिकटवलं.

दुसरी गोष्ट पत्रकात नाही आणि ती कळली नाही तर भांडणं होतील. माझ्या 10 झाडांपैकी एका झाडात दोन्ही रेघा आल्या नाहीत. मामाजी बिल घेऊन दुकानात निघालेच होते. मी पाकीट परत वाचलं. आता 475 ग्रॅमच्या पाकिटात बिगर बीटीचं बी मिसळलेलंच असतं, 'रिफ्युज इन बॅग' म्हणतात ते. पूर्वी 120 ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची आणि बहुतेक जण ती फेकून द्यायचे. बिगर बीटी झाडांवर अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी जुळावेत आणि अळीची प्रतिकारशक्ती लवकर पसरू नये, यासाठी ही सोय. म्हणजे एक झाड कोरं निघालं तर ती फसवणूक नाही. दहातली सहा-सात कोरी निघाली तर दुकानात जा. तेही उगवल्यापासून दोन आठवड्यांच्या आत, म्हणजे नांग्या भरायला, रिकाम्या जागी परत बी लावायला, वेळ राहतो.

पण पैशाचा हिशेब नीट करा. 2024 मध्ये पाकिटाची कमाल किंमत 864 रुपये होती. दहा पट्ट्या म्हणजे तेव्हाच्या पाकिटापेक्षा महाग. एकट्यानं घेण्यासारखी ही वस्तू नाही. चार-सहा घरांनी मिळून, बिलाशिवाय घेतलेल्या किंवा शंका असलेल्या बियाण्यासाठीच घ्यावी. तणनाशक सहन करणारं चोरटं बियाणं ही पट्टी ओळखत नाही, त्याचं प्रथिन वेगळं.

सगळ्यांचं तपासून झाल्यावर उरलेल्यांपैकी 16 पट्ट्या मी माझ्या पैशानं सरकीवर वापरल्या. बीटी निघालेल्या एकाच झाडाची बोंडं फोडून सरकी काढली, भिजवून गर घोटला. क्राय1एसीची रेघ 13 मध्ये आली, 3 मध्ये नाही. संकरित झाडाला हा जीन एकाच पालकाकडून मिळालेला असेल तर चारातलं एक बी त्याच्याशिवाय निघणार, हा आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचा हिशेब. म्हणून घरची सरकी पेरू नका. आमच्या शेजारच्या काकाजींना मी तोंडानं तीन वर्षं सांगत होते, तेव्हा पटलं नव्हतं. तीन कोऱ्या पट्ट्या समोर ठेवल्यावर म्हणाले, "हाव, आता समजलं."

डिसेंबरमध्ये एक बोंड फोडलं, आत गुलाबी अळी, चांगली पोसलेली. त्याच झाडाचं पान तपासलं, तर दोन्ही रेघा ठळक. एका हातात लाल रेघ आणि दुसऱ्या हातात वळवळणारी अळी. 2017 मध्ये याच अळीनं आमच्या जिल्ह्याचं पांढरं सोनं खाल्लं, ते मी लग्न होऊन आले त्या वर्षीच पाहिलं.

पट्टी खोटं बोलत नव्हती. क्राय1एसी अळीच्या पोटात विरघळतं, आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, पेशीला भोकं पडतात, ती फुगून फुटते. गुलाबी अळीत त्या कॅडहेरिनचाच जीन बिघडला, म्हणजे कुलूपच बदललं. किल्ली पानात आहे एवढंच पट्टी सांगते. शिवाय प्रथिन सगळीकडे सारखं नसतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्येच दाखवलं होतं की झाड जसं वयाला येतं तसं क्राय1एसी कमी होतं, आणि पानापेक्षा बोंडाच्या सालीत कितीतरी कमी असतं. अळी तर बोंडातच शिरते! ही पट्टी किती प्रथिन आहे ते सांगत नाही, आहे किंवा नाही एवढंच.

म्हणून रेघ पाहून फवारणी टाळू नका. अळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे, लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज 8 पतंग आले, किंवा 20 हिरव्या बोंडांत 2 किडकी निघाली, तर उपाय करायची वेळ झाली. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असलेली न उमललेली फुलं, दिसतील तशा तोडून नष्ट करा, आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर तीच कपाशी राखून पुन्हा पीक, घेऊ नका.

माझ्याकडे अजून 8 पट्ट्या आहेत, मुदत संपायला वेळ आहे. गावातल्या ज्यांनी यंदा बिलाशिवाय बियाणं घेतलं असेल त्यांनी उगवण झाली की शेंड्याची दोन पानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणावीत. संध्याकाळी चारनंतर मी घरी असते.