'मेन्स ५० प्लस' हेल्थ पॅकेज: टेस्ट झकास, पण रिपोर्ट वाचणारं कोणीच नाही

नागपुरात रामदासपेठ-धंतोली भागात पावलापावलावर लॅब आहेत, त्यातल्याच एका सेंटरमधे मी आणि आमच्या साडभाऊंनी हे पॅकेज केलं. नाव टाकत नाही, कारण तक्रार टेस्टची नाहीये, नंतर जे होतं (म्हणजे होत नाही) त्याची आहे.

आधी चांगलं सांगतो. ब्लड घेणारा पोरगा एकदम हात बसलेला, सुई कधी गेली समजलंच नाही. शुगर, एचबीए१सी, लिपिड, किडनी, लिव्हर, थायरॉइड, लघवीची रुटीन, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी आणि पीएसए, एवढं सगळं एका सकाळी उरकतं. पीएसए म्हणजे प्रोस्टेटसाठीची (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) रक्ताची टेस्ट, त्याला उपाशीपोटी लागत नाही, उपाशी बोलावतात ते शुगर आणि लिपिडसाठी. नंतर नाश्त्याचं कूपन देतात, त्यात इडली आणि गोडमिट्ट चहा. नागपुरात राहून सकाळी सकाळी इडली, जाऊ द्या.

सोनोग्राफीचा कारभार मात्र बघण्यासारखा. लघवी दाबून ठेवा म्हणतात, बाटलीभर पाणी पाजतात आणि मग नंबर काही येत नाही. सात-आठ काका लोक मांडीवर मांडी घालून बसलेले, कोणी उठून चकरा मारून राहिले, कोणी छताकडे पाहून राहिले, आणि टॉयलेट एकच, तेही दुसऱ्या टोकाला. लघवी करून आल्यावर परत एकदा बघतात, आत किती उरली ते मोजायला. हे मला आवडलं, बऱ्याच स्वस्त पॅकेजमधे हे करत नाहीत. माझी प्रोस्टेट ३८ ग्रॅम निघाली. नॉर्मल साधारण २०-२५ धरतात, पण वयानुसार ती वाढतेच आणि वाढली म्हणजे कॅन्सर असं काही नसतं, हे तिथल्या डॉक्टरांनी न विचारता सांगितलं, त्याबद्दल त्यांना पूर्ण मार्क.

आता रिसेप्शन. फॉर्ममधे 'चालू औषधं' असा रकाना आहे, पण त्या मॅडमनी तो सरळ रिकामा सोडला. पुढच्या काकांनी स्वतःहून सांगायचा प्रयत्न केला तर "ती पांढरी, छोटीवाली" याच्यापुढे गाडी जाईना, शेवटी काकूंनी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं. (तिथे आलेल्या निम्म्या पुरुषांचं बुकिंग बायकोनेच केलेलं होतं. आमचंही.) पण हे विचारणं आवश्यक आहे ना भाऊ! फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (वाढलेल्या प्रोस्टेटसाठीच्या गोळ्या) काही महिने चालू असेल तर पीएसए जवळपास अर्धा दिसतो, म्हणजे रिपोर्टमधे ३ आला तरी खरा ६ असू शकतो. केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्यांनाही हे लागू. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का, हेही कोणी विचारलं नाही. घरात असा इतिहास असेल तर पन्नाशीची वाट न पाहता चाळीस-पंचेचाळीसलाच डॉक्टरांशी बोलायला पाहिजे.

रिपोर्ट रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर. साडभाऊंचा पीएसए ६.२, लाल अक्षरात, बाजूला वर जाणारा बाण, आणि खाली एका ओळीत 'डॉक्टरांचा सल्ला घ्या'. बस. माणूस रात्रभर गूगल करून राहिला, सकाळी सहाला मला फोन, "पॉलिसीत नॉमिनी कोणाचं नाव आहे ते बघायचं होतं." वहिनी वेगळ्या रडून राहिल्या.

धंतोलीतल्या एका युरॉलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञ) नेलं. त्यांनी लाल आकड्याकडे बघितलंही नाही, पानं मागे उलटली आणि पान ३ वर बोट ठेवलं: लघवीत पस सेल्स (पू-पेशी, इन्फेक्शनची खूण) २५-३०. विचारलं, "जळजळ होते का?" हो, आठवडाभरापासून, पण घरी सांगितलं नव्हतं. इन्फेक्शनमधे पीएसए चढतो. म्हणजे एकाच रिपोर्टमधे पान ३ वर कारण आणि पान ६ वर परिणाम, आणि सेंटरमधल्या एकाही माणसाने दोन्ही पानं सोबत वाचली नाहीत. सत्तर पॅरामीटर काहून मोजता मग?

डॉक्टरांनी गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेटची तपासणीही केली, एक मिनिट पण लागत नाही, साडभाऊ आठ दिवस त्याच्याच धास्तीत होते. ही पॅकेजमधे नाही. पीएसए नॉर्मल असूनही कधी कधी गाठ असते, ती हाताला लागू शकते, म्हणून करतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दीड-दोन महिन्यांनी पीएसए रिपीट केला, २.९ आला. तेव्हाही चढलेला असता तर आधी एमआरआय आणि गरज वाटली तर बायोप्सी, असं त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं. सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुतेक वेळा काहीच लक्षण नसतं, त्यामुळे 'मला तर काही त्रास नाही बाप्पा' हे आपलं ठरलेलं उत्तर इथे कामाचं नाही. आणि रात्री उठून चारदा जावं लागतं ते बहुतेक वेळा नुसती ग्रंथी वाढल्याने, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

पॅकेज घ्यायचंच असं नाही. नुसती पीएसएही करता येते, पण आधी डॉक्टरांना विचारून, कारण सत्तरीनंतर सरसकट करायची गरज नसते आणि तिशीतल्या पोराला तर हे पॅकेज विकणं म्हणजे निव्वळ लूट. दोन दिवस आधीपासून सायकल आणि संबंध टाळा, लघवीची जळजळ असेल तर ती बरी होईपर्यंत थांबा, चालू गोळ्यांचा फोटो मोबाइलमधे ठेवा. पुढे लागलंच तर मानेवाडा रोडला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याला एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट) आहे, सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमधे युरॉलॉजी आहे, मुंबईला पळायची घाई नको.

टेस्टला साडेचार स्टार, रिपोर्ट समजावण्याला एक. रविवारी जाऊ नका, पार्किंग मिळत नाही आणि सोनोग्राफीची लाइन दीड तास चालते, लघवी दाबून धरलेली असताना.