जळगावच्या एका वर्गाच्या जागतिक इतिहासाच्या नोट्स : आयर्लंडचे प्रकरण तपासून वाचा

जळगावातील एका स्पर्धा परीक्षा वर्गाच्या जागतिक इतिहासाच्या मराठी नोट्स मी यूपीएससीच्या मुख्य परीक्षेसाठी विकत घेतल्या. छपाई स्वच्छ आहे, स्पायरल बाइंडिंग टिकाऊ आहे आणि भाषा खानदेशातल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला अडखळवणारी नाही. टिळकांनी १९१६ मध्ये होमरूल लीग काढताना आयरिश चळवळीचे नाव उचलले, हा धागाही चांगला जोडला आहे. अडचण आयर्लंडच्या प्रकरणात आहे.

तेथे चौकटीत, ठळक अक्षरांत, ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी आयरिश नेत्यांशी केलेल्या १९२१ च्या कराराने आयर्लंडचा प्रश्न सोडवला, एवढेच दिले आहे. आधीचे ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन यांची १८८६ आणि १८९३ ची होमरूल (आयर्लंडला अंतर्गत स्वराज्य देणारी) विधेयके फेटाळली गेली होती, तेव्हा सिन फेन या आयरिश स्वातंत्र्यवादी पक्षाच्या नेत्यांना वाटाघाटींना बसवून तडजोड घडवण्याचे श्रेय लॉइड जॉर्ज यांना द्यावेच लागेल. परंतु आयर्लंडमधील बंड दडपणाऱ्या ‘ब्लॅक अँड टॅन्स’ या पोलीस दलाची भरती त्यांच्याच सरकारने केली, आणि सप्टेंबर १९२० मध्ये या दलाच्या माणसांनी बॅलब्रिगन गावातली घरे पेटवून दिल्यानंतरही, नोव्हेंबरात लंडनच्या गिल्डहॉल सभागृहातील भाषणात त्यांनी आपली सरशी होत असल्याचेच ठासून सांगितले. नोट्समध्ये यातले काहीही नाही.

फाळणीबाबतची चूक तर सरळ गुण घालवणारी आहे. नोट्स ती कराराचे फलित म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात ब्रिटिश संसदेच्या १९२० च्या कायद्यानेच उत्तरेचे सहा परगणे वेगळे काढले होते आणि जून १९२१ मध्ये बेलफास्टला त्यांच्या संसदेचे उद्घाटनही झाले होते. सिन फेनचे नेते ग्रिफिथ आणि कॉलिन्स ऑक्टोबरात लंडनला चर्चेला बसले, तेव्हा फाळणी आधीच अमलात आलेली होती. शेवटी ५ डिसेंबरला, सही करा नाहीतर तीन दिवसांत युद्ध, असा निर्वाणीचा इशारा लॉइड जॉर्ज यांनी दिला आणि मध्यरात्र उलटल्यावर सह्या झाल्या. हा क्रम ठाऊक नसेल, तर आयरिश संसदेत करार ६४ विरुद्ध ५७ अशा निसटत्या बहुमताने का संमत झाला आणि कालचे सहकारी १९२२ च्या यादवीत एकमेकांवर बंदुका का रोखून उभे राहिले, याचे उत्तर विद्यार्थ्याला लिहिता येणार नाही.

बाकीच्या प्रकरणांसाठी या नोट्स अवश्य घ्याव्यात. आयर्लंडची पाने मात्र सध्या बाजूला ठेवावीत, आणि वर्गाने पुढच्या छपाईत ती चौकट काढून १९१६ ते १९२२ चा कालक्रम सविस्तर द्यावा.