राउंड द वर्ल्ड तिकीट की सुटी तिकिटं?

मावसभावाचं नुकतंच लग्न झालंय, दोघं वर्षभर सॅक पाठीला लावून जग फिरणारेत आणि सगळं तिकिटांपाशी अडलंय, म्हणून लिहितेय.

पैसे. राउंड द वर्ल्ड म्हणजे जगाची पूर्ण फेरी एकाच तिकिटावर. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटाच्या अशा तिकिटात जास्तीत जास्त 15 थांबे, मुदत 1 वर्ष, रक्कम मात्र एकदम भरायची. अटलांटिक, पॅसिफिकसारखे लांबचे टप्पे भरपूर असतील तर परवडतं. थायलंड, लाओस, व्हिएतनाममध्येच महिनोन् महिने काढायचे असतील तर कशाला, तिथे बसने सीमा ओलांडता येते.

मोकळीक. सुट्या तिकिटांत एखादं गाव आवडलं की राहा अजून पंधरा दिवस. राउंडवाल्यात पूर्व किंवा पश्चिम, एकच दिशा.

आता व्हिसा, खरी गोम इथेच आहे. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाआधी 6 महिन्यांच्या आत करायचा आणि साधारणपणे आपण राहतो त्याच देशातून, म्हणजे बघू पुढे म्हणत निघालात आणि युरोप आठव्या महिन्यात ठेवलात तर अर्जासाठी घरी परत यावं लागेल. म्हणून दोन्हीत युरोप आधी घ्या, मग अमेरिका, शेवटी आशिया. आणि वहिनी पासपोर्टवर नाव बदलणार असेल तर ते आधी, तिकीट नंतर, प्लीज!

तारखा पक्क्या, चार-पाच खंड करायचेत, तर राउंड घ्या. एक-दोन खंडच निवांत बघायचेत, पैसे जमतील तसे खर्च करायचेत, तर सुटी तिकिटं. या दोघांना मी सुटी तिकिटंच सांगेन.