खर्रा सोडायचाय? तंबाखू क्विटलाइन १८००-११-२३५६ चा रिव्ह्यू

खर्रा, म्हणजे पानठेल्यावर घोटून मिळणारं सुपारी-तंबाखूचं मिश्रण, सोडतो म्हटलं की नागपुरात सगळे एकच सांगतात, "मन पक्कं कर". माझ्या दादाचं मन पक्कंच होतं हो, पण इतवारीत दुकान उघडलं की शेजारून खर्र्याची पन्नी (प्लास्टिकची पुडी) येणार, एकाने आणलेला खर्रा चार जणांत फिरणार, आणि नाही म्हटलं की "काऊन बे, नाराज आहे का?" हे मुद्दाम सांगून राहिली कारण क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनवर, दादाने फोन केला तेव्हा तिथल्या मॅडमनी नेमकं हेच विचारलं.

फोन फ्री आहे, मराठीत बोलता येतं. लेक्चर नाही, घाबरवणं नाही. उठल्यावर पहिला खर्रा किती वेळाने, कोणासोबत, जेवणानंतर की गिऱ्हाईक नसताना, घरात अजून कोण खातं? "बाबाही खातात" हे सांगताना दादा जरा थांबला. सोडायची तारीख त्यालाच ठरवायला लावली आणि दुकानातल्या मित्रांना आधीच सांगून ठेवा म्हणाल्या. तलफ आली की थोडा वेळ टाळा, घोट घोट पाणी प्या, लांब श्वास घ्या, हाताला काम द्या, काही मिनिटांत ओसरते. सुरुवातीला चिडचिड होणार, झोप उडणार हेही आधीच सांगितलं, त्यामुळे दादा घरात भडकला तरी वहिनीने समजून घेतलं. नंतर त्या स्वतःहून फोन करून विचारतात, मला तर हे सगळ्यात जास्त आवडलं. माझ्याकडून ५ पैकी ५.

पण एक गोष्ट खूप खटकते. हा नंबर २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटावर छापतात, सोबत ८५ टक्के जागेत इशारा आणि फोटो. खर्रा पाकिटात येतोच कुठे? पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटला, रबर लावला, दिला हातात. ना फोटो ना नंबर. म्हणजे आपल्याकडे ज्याला गरज त्यालाच नंबर माहीत नाही! गुटखाबंदी २०१२ पासून आहे, शाळेपासून १०० यार्डात तंबाखू विकायची नाही असाही कायदा आहे, तरी पोरं ठेले बघतच मोठी होतात. आणि "तंबाखू कमी टाक, सुपारी जास्त" म्हणणाऱ्यांनो, नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो, तोंड उघडणं कमी होत जातं ते सुपारीमुळेच.

दादाने सोडलाय. दुकानात पन्नी अजून फिरते पण त्याच्यासमोर कोणी धरत नाही, आणि शेजारच्या काकांनी परवा माझ्याकडून नंबर मागून घेतला.

क्विटलाइन सोमवारी बंद असते, बाकी दिवशी सकाळी ८ ते रात्री ८. घरच्यांनी त्याच्या वतीने बोलू नका, ज्याला सोडायचाय त्यालाच बोलू द्या. तोंड कमी उघडत असेल किंवा तिखट झोंबत असेल तर नुसत्या फोनवर थांबू नका, नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवा.